शेऱ्याचा रकाना

मकरपुऱ्याच्या वखारीला गिऱ्हाईक मिळालं.
वीस हजार चौरस फूट, वर पत्रे, रस्त्याला लागून,
मागे ट्रक वळेल एवढी जागा.
आत काय आहे ते जाहिरातीत नव्हतं.
ते पंधरा दिवसांत हलवून देऊ, एवढंच होतं.

आत होतं ते संग्रहालयाला जास्तीचं झालेलं.
म्हणजे एका साच्यातल्या एकेचाळीस समया,
प्लास्टरचे ग्रीक देव, बहुतेकांची नाकं गेलेली,
कुठल्याशा कोठाराच्या तराजूचं एकच पारडं,
भुसा भरलेली माळढोकाची जोडी
(त्यातला नर बहुधा मादीच),
आणि विश्वामित्रीतली एक मगर, तीही भुशाची,
जी पुराच्या साली तरंगत दारापर्यंत आली
तेव्हा पहारेकरी भिंतीवर चढून
उजाडेपर्यंत ओरडत बसला होता.
तिच्या पोटाखाली तांबड्या रंगात नंबर होता.
पण पोट बघणार कोण.

पुराची रेघ अजून भिंतीवर आहे, माझ्या खांद्याला लागते.
घेणारे किरीटभाई तिच्यापाशी थांबले,
नखानं जरा खरवडलं,
आणि फुटामागे चाळीस रुपये कमी केले.

मोजदादीला मी आणि रमतूभाई राठवा.
मी वाचायची, त्यांनी काढून दाखवायचं.
माझी अकरा वर्षं इथे, त्यांची एकोणतीस.
अक्षर त्यांना येत नाही, आकडे येतात,
आणि आकड्यांहून पक्क्या जागा:
"सातशे बारा? ते तर बारीच्या खाली, बेन,
गोणपाटात. उंदरानं एक कान खाल्लाय."
खरंच कान नव्हता.

चौथ्या दिवशी एक नग कमी भरला.
अकराशे सत्त्याऐंशी.
पुन्हा मोजलं. समया पुन्हा एकेचाळीस.
माळ्यावर चढलो, देवांच्या पाठीमागे बॅटरी मारली,
साहेबांचा फोन आला, सापडल्याशिवाय दस्त होणार नाही.
दुपारी चहा घेताना मी वर्णन मोठ्यानं वाचलं:
चौरंग, शिसवी, पाय वाघाच्या पंजाचे,
डावा पुढचा पंजा दुरुस्त केलेला, एक नख कमी.
रमतूभाई ऐकत होते, बशी ओठांपाशी.
त्यांच्या दोन अनवाणी पायांच्या मधे
एक नख कमी असलेला पंजा होता.

ते असे उठले
की जणू खाली कुणी बसलेलं असावं.
चहा सांडला. शर्टाच्या टोकानं त्यांनी तो पुसला,
चौरंगावरचा. स्वतःच्या अंगावरचा तसाच.
मग उरलेले सगळे दिवस उभ्यानंच डबा खाल्ला.
मी म्हटलं, बसा हो, एकोणतीस वर्षं बसलात.
"तेव्हा नंबर नव्हता ना," म्हणाले.

होता. खालच्या बाजूला होता.

देव एका मांडववाल्यानं उचलले,
आता लग्नात कमानीशी उभे करील, नाकं बसवून.
मगर पादऱ्याच्या एका शाळेत गेली.
तराजूचं पारडं कुणी मागितलं नाही,
ते मुख्य इमारतीत, जिन्याखाली.
समयांसाठी तीन देवळांची पत्रं आली
आणि तिघांनाही जोडीच हवी होती.

रजिस्टर बंद करताना शेवटचा रकाना शेऱ्याचा.
माझ्या आधीच्यांची अक्षरं त्यात:
वाळवी. दुय्यम प्रत. पाहिले. पाहिले. पाहिले.
कुणा एकानं, निळ्या शाईत, फक्त: बरा आहे.
अकराशे सत्त्याऐंशीसमोर मी लिहिलं, वापरात.
साहेबांनी खाली लाल रेघ मारली, स्पष्टीकरण द्या.
अजून दिलेलं नाही.

किल्ल्या दिल्या त्या संध्याकाळी
किरीटभाईंचा नवा पहारेकरी, पोरगाच होता,
कुलुपाशी झटत होता.
रमतूभाईंनी त्याचा हात धरला,
अंगठ्यानं आधी दार दाबायचं, मग फिरवायचं,
पावसाळ्यात थोडं वर उचलून.
दोनदा करून दाखवलं.
हे दस्तात कुठेच नव्हतं.